रामवाडीची रेषा

चुन्याच्या फक्कीचा वास आला की मला रामवाडीचा नाका आठवतो. जमिनीसाठी निघालेल्या मोर्चात गाडी घुसली, तिच्याखाली वडील गेले, आणि आईनं मिठागरात पाय सोलवटून घेत मला वाढवलं. वडील गेल्यावर वर्षानं निघालेल्या त्यांच्या स्मृतिमोर्चाला पोलिसांनी नाक्यावर फक्कीची रेषा मारली. आमचे टेम्पो अलीकडेच थांबवले, रोह्याहून आलेल्या पुढाऱ्याची गाडी मात्र आत सोडू लागले. आई रेषेवर जाऊन उभी राहिली. हवालदार म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा, पास हाय त्यांच्याकडं." आई म्हणाली, "माझा मानूस जिच्याखाली गेला, त्या गाडीला पन पास व्हता." पुढारी गाडीतून उतरले आणि आमच्याबरोबर चालू लागले. पुढं शिकून मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले. आता दरवर्षी त्या मोर्चाचं पार्किंग मी बघते, आणि रामवाडीच्या रेषेपुढे एकही गाडी जात नाही.