कासिमचाचांच्या ट्रॅक्टरचं इंजिन कुठलं?

मंडळी, आज किनाऱ्यावर काय झालं ते ऐका.

सकाळी आमची होडी किनाऱ्यावर ओढताना कासिमचाचांचा जुना ट्रॅक्टर वाळूत बंद पडला. डिझेलचा पंप गेला होता आणि भरती चढत होती.

"इंजिन कुठल्या कंपनीचं?" मेकॅनिकने फोनवर विचारलं.

बॉनेट एका कंपनीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा. "अब्बांनी भंगारातून जोडला, मला काय मालूम!" चाचा रडवेले झाले.

पाणी चाकांना लागलं. मी ओढणीने इंजिनावरचं ग्रीस पुसलं, नाव दिसलं आणि ओरडलेच, "चाचा, आमच्या होडीला पण हेच इंजिन हाय!"

होडीचा पंप काढून ट्रॅक्टरला बसवला. पाणी इंजिनापर्यंत पोचायच्या आत तो धडधडत वर आला. चाचा वाळूत बसून रडले.

किनाऱ्यावर पार्ट सहज मिळावेत म्हणूनच चाचांच्या अब्बांनी हे इंजिन निवडलं असेल का? तुम्हाला काय वाटतं?