शाल आपण दिली, पुस्तकं फुकट नेली

वाचक मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून वाचनालयाच्या फळ्यावर हे लावतोय.

आज आपण आपल्याच मोहल्ल्यातल्या विणकर लेखकाचा सत्कार केला. शाल घातली, नारळ दिला, तोंडभरून कौतुक केलं. त्याने विकायला आणलेला कादंबरीचा गठ्ठा दाराशी होता, पण तिकडे कोणी फिरकलं नाही.

शेवटी अध्यक्षच म्हणाले, "मले एक सही करून भेट दे ना गा!" लगेच सगळ्यांचे हात पुढे! गठ्ठा फुकटात संपला. किळस आली मला आपल्या सगळ्यांची.

बाहेर तो मला म्हणाला, "कपडा तर मी घरीच विणतो गा. पुस्तक कोणी विकत घेतलं असतं, तर दुसरं छापलं असतं."

फुकटची प्रत नेणाऱ्यांनो, आता दुसरं कोण छापणार?