जबड्यातली दुसरी रांग

दातांच्या डॉक्टरबाईंनी मनूच्या, माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या, जबड्याचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि मी दचकलो. दुधाच्या दातांखाली, हाडाच्या आत, दातांची आणखी एक रांग होती. थोराड, मोठ्या माणसाचे दात, अंधारात गप्प थांबलेले.

"बाबा, भूत आहे का हे?"

"नाही गं. तूच आहेस."

"दाढेच्या मुळाशी पू झालाय," बाई म्हणाल्या. "दुखत असेल की हिला!"

दुखत होतं. मीच तिथे लवंग धरायला लावून म्हणालो होतो, "दुधाची दाढ आहे, पडणारच. रडायचं काय त्यात?" त्यानंतर ती कधी रडली नाही. दुखणं गेलं, असं मी समजलो. ते गेलं नव्हतं, फक्त आवाज न करता आमच्यात राहू लागलं होतं. आमच्याबरोबर जेवत होतं, गोष्ट ऐकत होतं. घास एका बाजूला सरकवताना मनूची मान कलायची आणि आम्ही कौतुकाने हसायचो.

"मूळ साफ करून वर टोपी बसवू. खालची दाढ येईपर्यंत ही टिकायला हवी," बाई म्हणाल्या. "मनू, दुखलं तर लगेच हात वर करायचा हं."

यंत्र घरघरू लागलं. मनूचे हात मांडीवर तसेच होते, शहाण्या मुलीसारखे. डोळ्याच्या कोपऱ्यातून निघालेलं पाणी मात्र हळूहळू कानाकडे चाललं होतं.

मी माझा हात वर केला.