जोडणी तपासायला एक नोंद

पोराचं नाव सांगणार नाही, वधूवर मंडळाचा तो नियमच आहे. आमच्या नाहूरच्या मंडळात अर्ध्या कोकणाची स्थळं एका जुन्या डेटाबेसमध्ये कोंडली होती. संगणकावर नवा, फुकटचा, लोकांनी मिळून बांधलेला डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी, आला आणि त्याचं नि डेटाबेसचं बोलणंच बंद झालं. रविवारी मेळावा आणि यादी उघडेना. पार वाट लागली.

मग साकीनाक्याहून कुणीतरी एका संगणकवाल्या पोराला पाठवलं. इतका अबोल, की त्याच्यापुढे आमचा पंखा बडबड्या वाटावा. कीबोर्डवर बोट असं ठेवायचा, जणू परक्याच्या दाराची बेल दाबतोय. चहा विचारला की मान हलवायचा. ती ‘हो’ होती की ‘नको’, हे चहा गार झाल्यावर कळायचं.

“काय करतोयस रे नक्की?” मी विचारलं.

“प्रत्येक डेटाबेसची बोली वेगळी, काका. या डेस्कटॉपला सगळ्यांशी बोलायची एकच ठरलेली पद्धत शिकवतोय. मग कुणीही फुकट वापरावी. आपण फक्त मध्यस्थ.”

एवढं बोलून दमल्यासारखा तो तासभर कीबोर्डवरच वाकला. मग यादी पडद्यावर धबधब्यासारखी कोसळली. ती खाली सरकवताना तो एका नावावर थांबला. त्याचंच नाव. आईने कधीतरी भरलेलं. अपेक्षा: ‘मुलगी बोलकी हवी. आमचा बोलत नाही.’

मी हळूच विचारलं, “काढून टाकू?”

त्याचे कान लाल झाले. “असू द्या, काका. जोडणी तपासायला एक नोंद लागतेच ना.”

मेळाव्याच्या यादीत मी ती सगळ्यात वर ठेवली. तपासायलाच.