देवापुढचा मायक्रोमीटर

अरे, चहा नंतर घे, आधी ऐक! आज फॅक्टरीत जे झालं ना, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. आमच्या वरदराजन साहेबांचे किस्से असे साठत जातात की एक सांगेपर्यंत दुसरा तयार!

हे आमचे मॅनेजर. मी त्यांच्या हाताखाली इन्स्पेक्शनला, पंपाचे शाफ्ट मोजून पास-फेल करतो. वर्षभर प्रोबेशनवर लटकलोय. परमनंट व्हायला एकच सही हवी, त्यांची.

आले त्याच दिवशी साहेबांनी भाषण ठोकलं, "माझं दार सगळ्यांना कायम उघडं!" आठवड्यात केबिनला ए.सी. बसला. आता बाहेरचा प्यून सांगतो, "दार उघडंच आहे सार, गारवा जाऊ नये म्हणून लावलंय!"

मग सूचनापेटी आली. "नाव घालू नका, न घाबरता खरं लिहा." फर्स्ट क्लास! पेटीशेजारी रजिस्टर. चिठ्ठी टाकणाऱ्यानं वेळ घालून सही करायची!

राहुकालात, म्हणजे रोजच्या त्या अशुभ दीड तासात, साहेब कागदाला हात लावत नाहीत. एका शुक्रवारी पावणेअकराला गिऱ्हाईक स्वतःच तक्रारीचं पत्र घेऊन हजर. पत्र टेबलावर, गिऱ्हाईक खुर्चीत, आणि साहेब शांतपणे म्हणतात, "तुमचं पत्र बारानंतर येईल. तोवर कॉफी घ्या."

आमचे सीनियर श्यामराव तंजावरच्या मराठी घरातले. चार पिढ्या इथे मद्रासलाच, त्यामुळे त्यांची मराठी निम्मी तमिळ. मला धाकट्या भावासारखं 'तंबी' म्हणतात. मी एकदा तावातावानं म्हटलं, "मी साहेबांना तोंडावर खरं सांगणार!"

"सरी तंबी, बरं, सांग की. पण आधी विचारून ये, त्यांना कुठलं खरं पाहिजे म्हणून!"

पण आजचं ऐक. काल आयुधपूजा. त्या दिवशी सगळी हत्यारं देवापुढे मांडून गंध-कुंकू लावतात, दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही. आज सकाळी गेटवर ट्रक उभा आणि शाफ्ट मोजायचे राहिलेले! साहेब स्वतः आले, देवापुढचा जाडी मोजायचा मायक्रोमीटर उचलला, एक शाफ्ट त्यात धरला. "बघ, बरोब्बर! पास!"

मी बघतो तर मायक्रोमीटरच्या दोन्ही तोंडांवर वाळलेल्या गंधाचा थर! रुमालानं पुसला, तोच शाफ्ट परत धरला. बारीक! दुसरा घेतला, तोही बारीक! अख्खा लॉट फेल!

"सर, शाफ्टबरोबर गंध पण मोजलं गेलं."

साहेबांनी डोळे मिटून हात जोडले. "देवाचं गंध पुसलंस? आधी परत लाव. मग मोज."

श्यामराव छताकडे बघायला लागले.

साहेबांनी फाइलमधून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. एक लॉटचा पास रिपोर्ट, माझ्या सहीसाठी. दुसरा माझ्या परमनंटचा, त्यांच्या सहीसाठी. स्वतःच्या पेनाचं टोपण काढून पेन मला दिलं आणि म्हणाले, "आधी तू."

ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय, पेन माझ्या हातात, अंगठ्याला कुंकू... हसू नको रे! माझ्या जागी तू काय केलं असतंस?