अंतरपाट उचलणारी मोटर

चहा घ्या आधी, गार होतोय. नंतर तुम्हाला प्यायला सुचायचं नाही. आता जे सांगणार आहे त्यात फजिती माझी एकट्याची आहे, तेव्हा हसताना माझ्याकडं बघून हसलात तरी चालेल.

गौरी म्हणजे माझी भाची, ताईची थोरली. आमच्याकडं रीत अशी की लग्नात अंतरपाटाचं एक टोक नवरीच्या मामानं धरायचं, दुसरं नवऱ्याच्या मामानं. मंगलाष्टकं संपेपर्यंत हात वर. आणि नेमका त्याच वर्षी माझा उजवा खांदा असा जाम झालेला, की शर्टाच्या बाहीत हात घालायलाही बायकोची मदत लागायची.

ताई म्हणाली, "सुधाकर, अंतरपाट देशपांडेकाका धरतील. तू आपला खुर्चीवर बस निवांत."

"देशपांडेकाका? शेजारचे? ते काय गौरीचे मामा आहेत का?"

"अरे पण तुझा हात वर जातो का? नाय ना जात?"

नव्हता जात. पण मला लागलं ते. गौरीचा हट्ट, गौरीची सायकल, गौरीचं ॲडमिशन, सगळीकडं मामा पुढं, आणि ऐन लग्नात मामा खुर्चीवर? गौरी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, तूच पाहिजेस. कर ना काहीतरी." झालं. इंजिनियर माणसाला 'काहीतरी कर' असं सांगू नये कधी.

मी वाळूजला पॅकिंगची मशीनं बनवणाऱ्या कारखान्यात आहे. माझं आयुष्य स्टेपर मोटरींत गेलं. ठरवलं, दोन उभे खांब, त्यांवर दातेरी पट्टे, मधे आडवी काठी, काठीला अंतरपाट, आणि मोटर. शेवटचं 'सावधान' झालं की मी बटण दाबणार आणि अंतरपाट सरसर वर. म्हणजे धरला मामानंच, फक्त हात लोखंडाचे.

स्टेपर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, घाबरू नका. साधी मोटर वीज दिली की फिरत सुटते. ही तशी नाही. हिच्या पोटात बारीक दात्यांचं चुंबक असतं, भोवती तारेची वेटोळी. एका वेटोळ्याला वीज दिली की दाते तिकडं ओढले जातात आणि तिथंच घट्ट बसतात. मग पुढच्या वेटोळ्याला दिली की एक पाऊल पुढं. अमुक इतकी पावलं टाक म्हटलं की टाकते आणि थांबते. थांबली की धरून बसते, ढकलून हलत नाही. गुणी मोटर. एकच आहे, आपण पावलं सांगतो आणि ती पडली असं धरून चालतो.

आमच्या शेजारच्या शेडमधे शेखभाई आहेत. ते स्विच्ड रिलक्टन्स मोटरीचे ड्राइव्ह, म्हणजे तिला वीज वाटून देणाऱ्या पेट्या, बनवतात. त्या मोटरीच्या फिरत्या भागात चुंबक नाही, तार नाही, नुसतं दातेरी लोखंड. दणकट एकदम, आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा. पण ते लोखंड या घडीला कुठं उभं आहे हे कळल्याशिवाय कुठल्या वेटोळ्याला वीज द्यायची ते ठरत नाही. चुकीच्या वेळी दिली तर पुढं न्यायच्या ऐवजी मागं ओढते.

तर शेखभाई माझा सांगाडा बघून म्हणाले, "सुधाकरभाऊ, वरच्या टोकाला एक स्विच लावा. काठी पोचली का नाय, कळंल तरी."

"कशाला? पावलं मोजून दिलीत मी."

"वो तो तुम बोले उत्ती. चली कित्ती?"

"शेखभाई, स्टेपर आहे. सांगितलं की जाते."

"हमारी वाली तो पूछे बगैर हिलतीच नहीं."

"म्हणून तर ती लग्नात न्यायच्या लायकीची नाही," मी म्हणालो. स्वतःच्याच विनोदावर हसलोसुद्धा. शेखभाई नाही हसले.

घरी पलंगावरची जुनी चादर लावून चाचणी घेतली. काय गेली म्हणता वर. मी वेग वाढवला, लग्नात जरा ऐट नको का? पुन्हा गेली. पुरं अंतर झालं की स्क्रीनवर 'उघडला' असं यायचं आणि हिरवा दिवा लागायचा. तो दिवा मी बँडवाल्यांसमोर ठेवायचं ठरवलं. दिवा लागला की वाजवा, म्हणजे इशारे करायची भानगड नाही. बघा, स्वतःच्या हातानं किती तयारी केली होती मी.

लग्न बीड बायपासच्या कार्यालयात. वरपक्ष सिल्लोडचा, मक्याचे व्यापारी, माणसं मोठ्या मनाची. इतकी मोठ्या मनाची, की मुहूर्ताच्या जरा आधी नवऱ्याच्या आत्याबाई एक हिमरू शाल घेऊन आल्या. चांगली पलंगपोसाएवढी, जरीची, अस्तर लावलेली.

"अंतरपाट आमच्याकडून. साधं कापड बरं दिसत नाय."

मी म्हणालो, "लावा की." आत्याबाईंनी ती पिनांनी काठीला पक्की टाचली. वजनाचा विचार? छे, मी त्या वेळी शालीचे रंग बघत होतो.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी फुलांनी मढवलेल्या खांबामागं उकिडवा बसलो, मांडीवर कंट्रोलर. शेवटचं 'सावधान' झालं. मी बटण दाबलं.

घुर्रर्र.

आता त्या आवाजाचा अर्थ मला माहीत असायला हवा होता. वेग जास्त, ओझं जड, पहिल्याच झटक्याला मोटर अडकली आणि जागच्या जागी थरथरत बसली. पावलं सांगितली गेली, पडलं एकही नाही. पण स्क्रीनवर आलं 'उघडला'. हिरवा दिवा लागला. बँड सुरू. अक्षतांचा पाऊस. मागच्या रांगा जेवणाच्या हॉलकडं निघाल्यासुद्धा.

गुरुजी खांबाशी वाकून म्हणाले, "अहो मामा, अंतरपाट तसाच आहे."

मी स्क्रीन बघत म्हणालो, "नाही गुरुजी, उघडलाय."

"मी समोर उभा आहे हो. नवरीला नवरा दिसत नाही."

पुन्हा 'वर' दाबलं. कंट्रोलर ढिम्म. त्याच्या मते तो वर पोचलेलाच. तेव्हा मी ठरवलं, एकदा खाली आणू आणि पुन्हा वर नेऊ. खाली यायला वजनाची मदतच झाली. काठी डोक्याच्या उंचीवरून निघाली ती गुडघ्यापर्यंत आली. दोघं एकमेकांना दिसली, नवऱ्यानं हार उचलला, लोक ओरडले, "राहू द्या, राहू द्या तिथंच!"

मला वाटलं, घाई करा म्हणतायत. दाबलं 'वर'.

शाल जमिनीवर गोळा झालेली, म्हणून या वेळी झटका सोसला. मोटर सांगितलेली पावलं अगदी इमानदारीनं चालली आणि जिथून निघाली होती त्याच जागी, दोघांच्या डोक्याएवढ्या उंचीवर, येऊन थांबली. वर येताना नवऱ्याच्या हातातला हारही घेऊन आली. म्हणजे पहिला हार माझ्या काठीला पडला. हे मला नंतर लोकांनी सांगितलं. मी बघत होतो ती स्क्रीन, आणि तिथं होतं 'उघडला'.

दोन्हीकडची तरणी पोरं काठी वर ढकलायला लागली. सांगितलं ना, स्टेपर थांबली की धरून बसते. गुरुजींचा आवाज चढला, "मामा, मुहूर्त चाललाय." खरं सांगतो, त्या क्षणी मला ऐट नको होती, मान नको होता. माझ्यापायी पोरीचा मुहूर्त चुकला तर ताईला तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात. मी मान खाली घालून सेटिंग चाळत होतो. वेग कमी केला, पावलं वाढवली.

आणि एवढ्यात टाळ्या. जोरदार टाळ्या, शिट्ट्या, पुन्हा अक्षता. मी डोळे मिटून हात जोडले. स्क्रीनवर बघितलं, 'उघडला'. देव पावला.

उठून पुढं येईपर्यंत आत्याबाईंनी पिना काढून शालीची घडी घातलेली, दोघांच्या गळ्यात हार. ताई पदरात तोंड लपवून हसत होती. मला वाटलं, आनंदानं.

गौरी पाया पडायला आली. खांदा दुखत होता तरी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मामा, बघितलंस ना रे, मी हार घातला तो?"

"बघितलं की," मी म्हणालो, "जरा अडकला, पण ऐन वेळी कसा झटक्यात उघडला बघ."

गौरीनं इकडंतिकडं बघून माझ्या कानाशी तोंड आणलं.

"मामा," ती हळूच म्हणाली, "मी शालीच्या खालून वाकून पलीकडं गेले."