भोंग्याच्या गळ्याची घासाघीस

फुलबाजारात त्याला सगळे भोंगा म्हणत. हे नाव काही आईनं ठेवलेलं नव्हतं, पण घाईत असली की तीही तेच वापरायची. सकाळी ओट्यावर उभा राहून तो गुलाबाच्या जुड्यांचा लिलाव असा पुकारायचा, की रस्त्यापलीकडच्या सलूनवाल्यानं एकदा गिऱ्हाइकाची दाढी करता करता भानावर नसताना बोली लावली. संध्याकाळपर्यंत गुलाबाच्या जुड्या त्याच्या सलूनमध्ये पडून होत्या. घरीही तोच आवाज. जेवताना यानं मीठ मागितलं की वरच्या मजल्यावरच्या बाई मीठ घेऊन खाली यायच्या.

एका वर्षी हा आवाज बसला. भोंग्यानं वाफ घेतली, मध चाटला आणि सिगारेट मात्र सोडली नाही. आज उठेल, उद्या उठेल म्हणता म्हणता महिने गेले. शेवटी तो नुसत्या हातवाऱ्यांवर लिलाव चालवायला लागला, आणि माशी हाकलणाऱ्या एका भल्या माणसाच्या गळ्यात लिलीचा अख्खा ट्रक पडला. त्या दिवशी बाजारात जो गोंधळ झाला तो बायकोच्या कानावर गेला. तिनं याचा दंड धरला आणि थेट हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी नाकातून दुर्बीण घातली, मग भूल देऊन तुकडा काढून तपासायला पाठवला. स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला.

ते ऐकून भोंग्याच्या डोळ्यांपुढे आले ते त्याचे मोठे काका. काका शिंपी होते. त्यांना हेच झालं होतं आणि त्यांची आवाजाची पेटी मुळापासून काढली होती. मानेवर श्वासासाठी भोक होतं, आणि बोलायचं झालं की ते एक गुणगुणणारं यंत्र गळ्याला लावत. काकांनी कुणाला “या, बसा” म्हटलं की गल्लीतली कुत्री एका सुरात भुंकायला लागत. काका त्यानंतरही पुष्कळ जगले, पण कुत्र्यांशी त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही.

“डॉक्टर, माझ्या काकांसारखं गळ्याला यंत्र लावून मी लिलाव करू?” भोंग्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर स्वरयंत्राचं चित्र काढलं. भोंग्याला ते उलट्या फुलदाणीसारखं दिसलं.

“तुमच्या काकांच्या वेळी बहुतेकांची पूर्ण पेटीच काढायचे,” त्या म्हणाल्या. “जीव वाचवायचा तोच खात्रीचा मार्ग वाटायचा. मग काही सर्जननी धीर केला. कुणी उभी अर्धीच बाजू काढली, कुणी नुसता वरचा मजला काढून खालचा ठेवला. हळूहळू कळलं की बोलायला आणि गिळायला सगळं घर लागत नाही. खालची कूर्चेची कडी आणि मागचा निदान एक हलता सांधा राहिला, तरी माणूस आपल्या गळ्यानं बोलतो. आता लहान गाठी तर तोंडातूनच लेझरनं निघतात.”

“मग मला लेझर द्या.”

“तुमची गाठ पुढच्या कोपऱ्यातून दोन्ही स्वरपट्ट्यांवर पसरलीय. लेझरचं काम नाही ते. पट्ट्या जातील, पुढची कूर्चेची ढाल जाईल.”

भोंगा खुर्चीत सरसावून बसला. “आणि मागचे सांधे?”

“एक ठेवीन.”

“दोन ठेवा.”

“अहो, भाजी घेताय का?” बायकोनं त्याला चिमटा काढला.

“एकाचा प्रयत्न नक्की, दुसऱ्याचं आत गेल्यावर बघू,” डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. “आणि गाठ जास्त खोल निघाली तर सगळंच काढावं लागेल. त्याला तुमची आधीच संमती हवी.”

 भोंग्यानं तो फुलदाणीचा कागद आपल्याकडे ओढला. मग हळूच म्हणाला, “जगेन ना?”

“त्यासाठीच तर एवढं चाललंय.”

त्यानं सही केली आणि खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

ऑपरेशन झालं. भोंगा शुद्धीवर आला तेव्हा गळ्यात तात्पुरती नळी होती आणि बोलता येत नव्हतं. डॉक्टरीणबाई वाकून म्हणाल्या, “दोन्ही सांधे राहिले.” मग काय, दिवसभर तो जो दिसेल त्याला दोन बोटं दाखवत सुटला. नर्सनं त्याला आधी दोन उशा आणून दिल्या, मग दोन पांघरुणं.

खरी परीक्षा गिळण्याची होती. घट्ट कस्टर्ड कसंबसं उतरायचं, पाणी मात्र चुकीच्या वाटेनं जायचं. श्वास धरायचा, गिळायचं, खोकायचं, पुन्हा गिळायचं आणि मगच श्वास घ्यायचा, असं शिकवलं होतं. घरी आल्यावर त्याला एकट्याला लाज वाटू नये म्हणून बायको आणि मुलगीही टेबलाशी बसून तसंच करायच्या. तिघं एकदम गप्प, तिघं एकदम खोकतायत. वरच्या बाईंनी दारातूनच हे पाहिलं आणि पुढचा महिनाभर त्या जिना उतरताना नाकाला पदर लावायच्या.

नळी निघाली, भोक बुजलं, आणि नवा आवाज आला. जड कपाट फरशीवरून ओढावं तसा. बहिणीला त्यानं फोन केला, “ताई, मी बोलतोय,” तर तिनं घाबरून फोन ठेवला आणि दारं लावून घेतली.

बाजारात त्याला माईक मिळाला. त्यातून तो आवाज असा यायचा, की जणू काही गुपितच सांगतोय. व्यापारी ओट्याला खेटून उभे राहायला लागले. प्रत्येकाला वाटे, हा माल खास आपल्यासाठीच ठेवलाय, आणि बोली चढत जायची.

पुढे डॉक्टरीणबाईंनी त्याला शिकाऊ डॉक्टरांपुढे चार शब्द बोलायला बोलावलं. तो कपाट ओढत ओढत छान बोलला. शेवटी एका मुलीनं उभं राहून विचारलं, “तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची आठवण येते?”

“ओरडण्याची,” भोंगा म्हणाला.

“मला नाही,” मागच्या रांगेतून बायको म्हणाली.

सगळे हसले. भोंगाही हसायला गेला आणि त्याला जोरात ठसका लागला. त्यासरशी पहिल्या तीन रांगांतले डॉक्टर एकदम उभे राहिले.

“बसा हो, बसा,” भोंगा माईकमधून म्हणाला. “नुसतं हसू अडकलंय.”